दुरुस्ती बंद

मोडकी वस्तू दिसली की आमच्या ह्यांचे हात शिवशिवतात. धंदाच मिक्सर-पंखे दुरुस्तीचा. आमच्या लग्नात फोटोवाल्याचा फ्लॅश बिघडला, तर नवरदेव स्वतःच तो उघडून बसले. एकाही फोटोत धड माझ्याकडे बघत नाहीत.

त्यामुळे डॉक्टरीणबाई माझ्या नव्या गोळीबद्दल सांगू लागल्या, तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"केमो गाठीच्या पेशींमधला डीएनए तोडतं," त्या म्हणाल्या. "पण पेशींत दुरुस्ती करणारी एन्झाइम्स असतात. ती तुटलेलं पुन्हा जोडतात आणि पेशी वाचते. ही गोळी त्या दुरुस्तीवाल्यांचे हात बांधते. दुरुस्ती बंद, की गाठीचा जोर कमी होईल, अशी आशा आहे."

"बांधा की! एक दुरुस्तीवाला तर मी सोबतच आणलाय," मी म्हटलं. डॉक्टरीणबाई हसल्या. हे हसले नाहीत.

गोळी सुरू झाली आणि घराला अवकळा आली. मोरीतला नळ गळायला लागला. पंखा कुरकुरू लागला. कुकरचा दांडा माझ्या हातात आला. हे सगळ्यांसमोरून हात मागे बांधून जायचे, जणू पाहणीला आलेले साहेबच. दुकानही बंद. कुणी मिक्सर घेऊन दारात आलं, की "नंतर या."

आधी मी भरपूर टोमणे मारले. "दिव्याखाली अंधार," म्हटलं. "बाहेरचा मेकॅनिक बोलावू का?" तरी हे ढिम्म. मग मात्र मी घाबरले. बायकोच राहणार नाही तर नळ कशाला नीट करायचा, असं तर ह्यांच्या मनात नसेल? मला केमोची एवढी भीती वाटली नव्हती.

शेवटी ह्यांना समोर बसवलं. "खरं सांगा, माझी आशा सोडलीत का?"

"काहीतरीच काय!" हे केवढ्यांदा ओरडले. मग खाली बघत पुटपुटले, "डॉक्टर म्हणाल्या ना, दुरुस्ती बंद."

"अहो, ती पेशींतली! तुमच्या पान्याचा आणि माझ्या गाठीचा काय संबंध?"

"कळतं मला. एवढा काही मी बावळट नाही."

"मग?"

"पण विषाची परीक्षा कशाला? इकडे मी जोडाजोड करत बसायचो, आणि तिकडे..."

मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांना जन्मभर हसलेला हा माणूस! मी पोट धरून हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं, कळलंच नाही. त्यांचे हात मी हातात घेतले आणि इतके दिवस थट्टेखाली दडपलेलं बोलून टाकलं.

"अहो, मला मरायची फार भीती वाटते हो."

एरवी मी नुसतं डोकं दुखतंय म्हटलं, तरी हे चार उपाय सांगतात. आज एकही सांगितला नाही. "मलाही," एवढंच म्हणाले आणि माझ्याजवळ बसून राहिले.