लंकाबाईंचे सोमवार

“खाली बघून उतर गं, लंके. देव काय पळून चाललाय व्हय?”

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण भीमाशंकराच्या पायऱ्यांच्या तोंडाशी आलं, की लंकाबाईंच्या कानात तिचा आवाज अजून तसाच येई. लहानपणी निरगुडसरहून माहेरची सगळी मंडळी निघायची. आई सांगून सांगून दमायची, आणि परकर वर खोचलेली लंका सगळ्यांच्या आधी देवळात पोचायची. धुक्यात कळस दिसायच्या आधी घंटा ऐकू यायची. दगड ओले, पाय अनवाणी, आणि अंग कसं पिसासारखं.

आता घंटा तेवढी ऐकू येई. गुडघ्यांपायी उतरणं कधीच बंद झालं होतं.

त्या वर्षीच्या महाशिवरात्रीलाही तसंच झालं. सासरच्या अवसरीहून जीप केली होती. नवरा कुंडलिकराव, मुलगा भरत, सून हर्षाली, सगळे खाली गेले आणि लंकाबाई वर, पेढ्यांच्या दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिल्या. खुर्ची जरा करकरली, तसा दुकानदार म्हणाला, “मावशे, भिंतीला टेका. आन् हितूनच हात जोडा, पोचतंय त्याला.”

त्यांनी हात जोडले. समोर पत्र्याची छपरं आणि उतरणाऱ्या माणसांची डोकी. डोकी हळूहळू बुडत जायची, आणि जरा वेळानं कपाळाला भस्म लावून परत वर यायची. लंकाबाई एकेका कपाळाकडे बघत राहिल्या.

कुंडलिकराव वर आले ते पाण्याच्या बाटलीत तीर्थ आणि रुमालात बेलाचं पान घेऊन. बाटली लंकाबाईंनी डोळ्यांना लावली. घोटभर घेतलं. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, “अहो, मला एकदा माझ्या पायांनी खाली जायचंय. एकदाच. पिंडीला हात लावायचाय. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

कुंडलिकरावांनी हात पुढे करून बाटली घेतली. बूच घट्ट लावलं, एवढंच. पण त्याच आठवड्यात त्यांनी भरतला ओसरीवर बसवून घेतलं. “तुझ्या आईचं कायतरी कर बाबा. लई झुरती ती.”

करायचं तरी काय राहिलं होतं? मंचरच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो बघून सांगितलं होतं, की आधी वजन उतरवा, एवढ्या भाराखाली मी गुडघा बदलून तरी काय उपयोग. मधुमेहाच्या गोळ्या वाढत चालल्या होत्या. काढे झाले, मालिश झालं, गरम पाण्यात लिंबू-मध झाला. उतरलेलं वजन दिवाळीपर्यंत टिकायचं, आणि संक्रांतीला व्याजासकट परत यायचं. शेवटी साखरेच्या डॉक्टरांनीच विषय काढला. जठर लहान करायचं ऑपरेशन असतं, पुण्यात होतं, तुमच्यासारख्यांसाठीच असतं.

गावात ही बातमी लपणार थोडीच. शेजारच्या गोजरबाई दुपारी सुपात शेंगा घेऊन आल्या.

“काय गं, पोट शिवून घेनार म्हनं?”

“शिवून नाही हो. लहान करणार.”

“मंग आमच्या म्हाताऱ्याचंबी करून आन जोडीनं. दोन भाकरीवर आला तर देव पावला.” मग हसू आवरून त्यांनी लंकाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. “पर भीती न्हाय का वाटत तुला? चांगलं धडधाकट पोट कापायचं?”

“वाटते ना,” लंकाबाई म्हणाल्या, आणि शेंगा सोलत राहिल्या.

भरत चाकणला कंपनीत होता. त्यानं पेपरातली जाहिरात बघून पुण्यातला एक मोठा दवाखाना गाठला. आत पाय ठेवला की थंडी वाजायची. भिंतीवर जाड बाई आणि बारीक बाई अशा जोडीजोडीच्या तसबिरी. डॉक्टर तरणे, गोरेगोमटे, बोलायला गोड. त्यांनी लंकाबाईंना खुर्चीतून उठूसुद्धा दिलं नाही. “मावशी, पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा. वर्षभरात ओळखायचे नाहीत तुम्हाला नातेवाईक.”

हर्षाली बारावी शिकलेली, आणि मुळात खोदून विचारायची सवय असलेली पोर. सासूला ती आत्या म्हणे, आणि आत्याच्या अंगाला कुणी हात लावायचा म्हणजे तिला सगळं कळायला हवं असे. तिनं विचारलं, “डॉक्टर, काही गडबड झाली तर?”

“गडबड कशाला होतेय? चिंता सोडा.”

“नंतर आत्यांना बघायला तुम्हीच असणार ना?”

“आमची टीम आहे.”

लंकाबाईंचा एकच प्रश्न होता. तो त्यांनी पदर सावरून हळूच विचारला. “ऑपरेशननंतर माझे उपास चालतील का?”

डॉक्टर मोकळेपणी हसले. “मावशी, मग काय रोज उपासच!”

भरतही हसला. लंकाबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या डॉक्टरांचं नाव साखरेच्या डॉक्टरांनी दिलं होतं. डॉक्टर सराफ, बाईमाणूस, पन्नाशीच्या पुढच्या. दवाखाना जुना, बाकडी लाकडी, नंबर यायला दुपार झाली. सराफबाईंनी आधी लंकाबाईंना चालायला लावलं, दारापर्यंत आणि परत. मग झोप कशी लागते, धाप कधी लागते, घरात रांधतं कोण, सगळं विचारलं. हर्षालीनं इथंही तोच प्रश्न टाकला.

“होऊ शकते गडबड,” बाई म्हणाल्या. “आम्ही जठराचा मोठा भाग कापून काढतो आणि कडेला टाके घालतो. तो टाका कधी गळतो, आतलं पोटात पसरतं. माझ्या एका पेशंटचा गळला होता. पुन्हा पोट उघडावं लागलं, महिनाभर हलली नाही ती इथून. आता बरी आहे. पण ते दिवस मी विसरले नाही.”

भरतचा चेहरा पडला. लंकाबाईंनी उपासांचं विचारलं, तेव्हा सराफबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“कुठले कुठले धरता?”

“सोमवार आहेत, लग्नाच्या आधीपासून. गुरुवार. चतुर्थी, एकादशी.”

“तुम्हाला वाईट वाटेल, पण आत्ताच सांगते. आत्ता धरता तसे नाही चालणार. कायमचेच. घोट घोट पाणी दिवसभर प्यावं लागेल, थोडं थोडं खावं लागेल, गोळ्या जन्मभर. विचार करा. घाई नाही.”

परतीच्या वाटेवर भरत गाडीतच म्हणाला, “आई, पहिल्याच डॉक्टरकडे करू. ही बाई तर घाबरवतेच.”

लंकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. राजगुरुनगर मागे पडलं. मग म्हणाल्या, “भरत, जिनं आपल्या हातनं झालेलं वाईट न लपवता सांगितलं, तिच्यापुढं मी डोळे मिटून पडेन. दुसऱ्या कुणापुढं नाही.” आईचा आवाज असा हळू झाला, की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे भरतला ठाऊक होतं.

सराफबाईंनी तयारीला दोन महिने दिले. यकृतावर चरबी चढली होती. ती उतरल्याशिवाय ऑपरेशनच्या दुर्बिणीला आत वाट मिळणार नव्हती. साखर खाली यायला हवी, वजन थोडं तरी उतरायला हवं. आहार सांगणाऱ्या मुलीनं मुगाचं कढण, ताक, उकडलेल्या भाज्या, एखादी ज्वारीची भाकरी असं सगळं समजावलं. श्वासाचा व्यायाम करायला तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलं. नळीतून ओढलं की गोळ्या वर उड्या मारायच्या. कुंडलिकरावांनी एकदा ओढून पाहिलं, तिन्ही गोळ्या वर चिकटवल्या, आणि दिवसभर मिशीत हसत राहिले.

लंकाबाईंनी साखर सोडली, भात सोडला. चहा कोरा केला. गोजरबाईंच्या नातवाच्या बारशाला घुगऱ्यासुद्धा नुसत्या ओटीत बांधून आणल्या. आणि एवढं मोठं काम अंगावर घेतलंय, तर देवाची साथ हवी, म्हणून एका पहाटे देवापुढे बसून त्यांनी आणखी एक नेम धरला. वजन उतरेपर्यंत शनिवारही करायचा. पुढच्या आठवड्यात मंगळवार जोडला. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. नेम सांगायचा नसतोच.

दोन महिन्यांनी काट्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा काटा जिथं होता त्याच्याही पुढं गेला. साखर चढलेली. सोनोग्राफीत यकृत तसंच.

सराफबाईंनी कागद खाली ठेवले. “असं असताना मी हात लावणार नाही, लंकाबाई. तारीख पुढे ढकलू.”

लंकाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रागाचं नव्हतं ते. आपण खाली यावं, हे आपल्या देवालाच नको आहे की काय, असं त्यांच्या मनात आलं होतं. “बाई, मी सगळं सोडलं हो. देवाशपथ.”

आहाराच्या मुलीला बोलावलं. तिनं सोमवारपासून सुरुवात केली. “सोमवारी दिवसभरात काय खाल्लंत?”

“काही नाही. उपास असतो.”

“मंगळवारी?”

“उपास.”

“बुधवारी?”

लंकाबाईंनी कढणापासून ताकापर्यंत सगळं सांगितलं.

“गुरुवारी? शनिवारी?”

“उपास. काहीच नाही खात.”

मुलीनं कागद पुढे ओढला. “बरं. उपासाच्या दिवशी सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, तेवढं सांगा.”

“तसं काही नाही. सकाळी दूध-केळं. दुपारी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट घालून. नाहीतर भगर आणि दाण्याची आमटी. तिसऱ्या प्रहरी रताळ्याचा कीस, तुपावरचा. देवाला दाखवलेला राजगिऱ्याचा लाडू. पण ते फराळाचं झालं.” लंकाबाई अगदी निर्मळपणे म्हणाल्या. “खाल्लं असं काही नाही.”

हर्षालीला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तिथंच तिचं हसू थिजलं. आत्यांसाठी साबुदाणा भिजवायची ती स्वतःच.

सराफबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “तुमची भक्ती खरी आहे. पण पोटाला फराळ आणि जेवण कळत नाही. आणि तुम्ही ऑपरेशन व्हावं म्हणून उपास वाढवलेत, होय ना?”

लंकाबाईंनी मान खाली घातली. हातातली बांगडी फिरवली. मग म्हणाल्या, “सोमवारी कढण पिऊन गावच्या महादेवापर्यंत पायी जाईन आणि येईन. बाकीचे वार तर सोडतेच. शब्द देते बाई. पण मला टाकू नका.”

“टाकायला काय झालंय,” सराफबाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात या.”

शब्द दिला खरा, पण घरी आल्यावर लंकाबाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. बाकीचे वार त्यांनी देवापुढे नारळ ठेवून, क्षमा मागून सोडले. सोमवार काही सुटेना. लग्नाआधी धरलेला, बाळंतपणातसुद्धा न मोडलेला. रविवारी संध्याकाळी त्या नुसत्याच देवघरापुढे बसून होत्या. कुंडलिकराव गोठ्यातून हात धुऊन आत आले.

“काय झालं?”

“सोमवार मधेच सोडला, तर देव काय म्हणंल?”

“सोडायचा कशाला? मी धरतो.”

“तुम्ही?” लंकाबाईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. “तुम्हाला आंघोळीआधी भाकर लागते.”

“न्हाय खानार. घरातल्यानं चालवला तर चालतो, भटजीबुवाच म्हनत्यात ना? मंग. तुझा सोमवार माझ्या पोटात.” ते जरा घुटमळले. “पर ती साबुदान्याची भानगड नको. मला ती गिळत न्हाय. निस्त्या पान्यावर करीन.”

“अहो, चक्कर येईल.”

“यिऊ दे. तू तवर देवळात जाऊन आलेली असशील.”

सोमवारी सकाळी हर्षालीनं कढणाची वाटी समोर ठेवली आणि आत्यांकडे न बघता आत निघून गेली. मुगाचा वास घरभर पसरला. एरवी या दिवशी या घरात हा वास नसायचा. लंकाबाईंनी देवाकडे एकवार पाहिलं आणि घोट घेतला. दुसरा घोट. तिसरा. वाटी रिकामी करून त्यांनी ओठ पुसले.

बाहेर ओसरीवर कुंडलिकराव उपाशीपोटी उन्हाला बसले होते, आणि उगाचच कुत्र्यावर खेकसत होते. बायकोला बघून त्यांनी कोपऱ्यातली काठी पुढं केली.

“काठी घे,” एवढंच म्हणाले.

लंकाबाईंनी काठी घेतली. पदर खोचला. गावाबाहेरचं महादेवाचं देऊळ पाटाच्या पलीकडे होतं. पोटात अन्न असताना सोमवारी त्या वाटेला त्या कधी गेल्या नव्हत्या. गोजरबाईंच्या दारावरून जाताना त्यांची मान आपोआप खाली गेली. गुडघा पहिल्या वळणावरच कुरकुरला. त्यांनी श्वास घेतला, आणि भीमाशंकराच्या पायऱ्या मनात मोजत पाटाच्या कडेनं देवळाकडे चालू लागल्या.