पाकिटावरचं नाव

रुग्णालयात परिचारक असलेल्या चासिबने नाझिमच्या आईच्या पत्राला नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "माझा सादून वॉर्डात शिरला तेव्हा नाझिमचा श्वास चालू होता का, एवढंच सांग, बाळा," असं तिने विचारलं होतं. थोरल्या मुलावरून सारं बसरा शहर तिला उम्म सादून, म्हणजे सादूनची आई म्हणायचं; पत्राखाली मात्र सही होती धाकट्याच्या नावाने, उम्म नाझिम.

श्वास चालू होता. तोफगोळ्यांनी वीज गेली होती, म्हणून चासिब श्वासाचा रबरी फुगा हाताने दाबून नाझिमला हवा देत होता. खिडकीच्या काचा अंगावर येऊ नयेत म्हणून त्याने खाट फिरवली, ती नेमकी मक्केतल्या काब्याच्या दिशेला. तसं मरणाऱ्यालाच फिरवतात.

"जिवंत भावाला पुरतोस, कुत्र्या?" आघाडीवरून आलेल्या सादूनने बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यावर हाणला.

"अरे भाऊ, फुगा! आधी फुगा दाब!" चासिब रक्त थुंकत ओरडला. दुसऱ्या घावाने त्याचं मनगट मोडलं, तिसरा डोक्यात बसला. तो शुद्धीवर आला तेव्हा नाझिम गार पडला होता.

काल बाजारात कळलं, म्हातारी अंथरुणाला खिळलीय. सादूनच तिचं सगळं करतो, पण त्याच्या हातचं पाणी ती घेत नाही.

चासिबने वाकड्या मनगटाने लिहिलं, "खाला, सादून यायच्या आधीच नाझिम गेला होता. म्हणून तर मी खाट फिरवली होती."

पाकिटावर त्याने 'उम्म सादून' असं नाव घातलं आणि ते टपालपेटीत टाकलं.