सोजरबाईच्या अंगातली आसरा

उजनीच्या धरणात पाणी चढलं तेव्हा त्यात मगर नव्हती. मगर मागाहून आली, आणि तीही नदीतनं नाही, टेंभुर्णीच्या बाजारातनं आली. पहिल्या बाजाराला ती हातभर होती. दुसऱ्या बाजाराला तिनं शेळी नेली, तिसऱ्याला बैल. थंडी पडेस्तोवर ती नाक्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रकाएवढी झाली, आणि एका शहाण्यानं तर तिच्या पाठीवर ऊस उगवलेला पाहिला. तोडणीला आला होता म्हणे. खरी मगर कुणाच्याच नजरेला पडली नव्हती, त्यामुळं ती नाही असं म्हणायचीही सोय उरली नव्हती.

एकट्या मगरीनं भागेना म्हणून लोकांनी आसराही धरून ठेवल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या साती बहिणी. देखणा गडी दिसला की खाली ओढून त्याला नवरा करून घेणाऱ्या. त्यांचं ठाणं जुन्या गावात ओढ्याकाठी होतं. गाव बुडालं, ओढा बुडाला, शेंदूर लावलेले सात दगडही बुडाले. माळावरच्या नव्या वसाहतीत येऊन पडलेली माणसं म्हणायची, आता सगळं पाणीच त्यांचं झालं.

या वसाहतीत सोजरबाई राहायची. नवरा गेलेला, आणि पोटी एकुलता जोतीराम. पोरगा असा पोहणारा, की मासे त्याला वाट पुसत. लोक पाण्याला भीत आणि सोजरबाई पोराच्या पोहण्याला. त्यात दिसायला चांगला. आसरांची नजर जाण्याजोगा.

त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत, सोलापुरातल्या एका सुताच्या व्यापाऱ्याचा पोरगा रुद्रप्पा जीप घेऊन आला. मुंबईत त्यानं कुठल्याशा मासिकात पाण्याखाली हिंडणाऱ्या गोऱ्या माणसांची चित्रं बघितली होती आणि तेव्हापासून त्याला कोरड्या जमिनीवर करमेना. टायरात हवा भरायचं मशीन, त्याला जोडलेलं रॉकेलवरचं इंजन, दोन लांबच लांब रबरी नळ्या आणि डोळ्यांवर लावायची काच एवढा संसार त्यानं काठावर मांडला. नळी तोंडात धरायची, कमरेला दगड आणि वर ओढायची दोरी बांधायची आणि बुडालेल्या गावात फिरून यायचं. निव्वळ हौस. बुडालेल्या गल्ल्या दाखवायला माहीतगार हवा म्हणून त्यानं जोतीरामला धरलं, आणि जोतीरामला तर स्वर्गच सापडला. घरी येऊन तो आईला सांगायचा की आपली चौकट अजून उभी हाय, कोनाड्यात मासे ऱ्हात्यात. सोजरबाईच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

रुद्रप्पा बेफिकीर होता असं मात्र नाही. मगरीसाठी त्यानं बापाची दुनळी बंदूक आणली आणि एक गडी ती घेऊन दिवसभर पाण्यावर नेम धरून बसायचा. आसरांसाठी मायाप्पा देवरुषी होता. त्यानं काठावर नवे सात दगड मांडले, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि दर खेपेला दहीभाताचा निवद लावला. बाकीचं गाव काठावर बसून पाण्याकडं डोळे लावायचं. मशीनकडं सगळ्यांची पाठ.

इंजनाचं धुराडं काठाकडं होतं, त्यामुळं धूर माणसांवर यायचा. माणसं खोकून गप बसायची. पण एका रविवारी वारा उलटा फिरला आणि काळा धूर सरळ निवदावर गेला. दहीभात राखेत लोळवल्यागत झाला. मायाप्पा म्हणाला, देवीच्या ताटावर घाण टाकून पोरांना तिच्या दारात धाडताय, बघा बरं. पोरं खाली गेलेलीच होती. सोजरबाईनं दोन गडी हाताशी घेतले आणि स्वतः जोर लावून इंजनाचं तोंड दुसरीकडं फिरवलं. निवदाचं ताट स्वच्छ राहिलं. धूर आता मशीन जिथनं हवा ओढत होतं तिथं जात होता, पण तिकडं देव नव्हता, म्हणून कुणी बघितलं नाही.

रुद्रप्पा दमून आधीच वर आला होता. जोतीरामची दोरी मात्र बराच वेळ हलली नाही. ओढून काढला तेव्हा शुद्ध नव्हती. बंदूकवाल्यानं घाबरून पाण्यात दोन बार टाकले. पालथा घालून दाबला, तसा ओकला, कण्हला, डोकं फुटतंय म्हणाला. आणि ओठ लालभडक, नुकता विडा खाल्ल्यासारखे.

मायाप्पानं ते ओठ बघितले आणि हात जोडले. आसरांनी विडा भरवला, म्हणाला, लगीन लागलं. बायका तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडं लग्नघरचंही होतं.

सोजरबाई रडली नाही. पोराच्या छातीवर पडलेली नळी बाजूला करायला तिनं उचलली, तेव्हा तीतनं येणारी हवा तिच्या तोंडावर आली. गरम आणि धुरकट. वीटभट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यागत. तिनं इंजनाकडं बघितलं, धुराड्याकडं बघितलं, आणि आपल्या हातांकडं बघितलं.

तिनं ते लगेच सगळ्यांना सांगितलंही. मी इंजन फिरवलं, धूर नळीत गेला, पोरगं धुरानं गुदमरलं. रुद्रप्पा हसला. तो म्हणाला, "मावशी, या हवेवर ट्रक पंढरपूरपर्यंत जातोय की. ट्रकाला चालती ती माणसाला नाही चालणार?" पुढच्या खेपेला दोन बंदुका आणायचं मात्र त्यानं कबूल केलं. मायाप्पानं निवद वाढवला. जोतीराम दोन दिवस अंथरुणात पडून होता, उठल्यावर आईवरच चिडला. लोकांत मला भित्रा ठरवू नगस, म्हणाला. मगरीला न्हाय भ्यालो, आता धुराला भिऊ?

पुढच्या रविवारी इंजन पुन्हा तसंच मांडलं. सोजरबाई मायाप्पाला म्हणाली, निदान तोंड तरी फिरवा. त्यावर तो जे बोलला ते सगळ्या काठाला पटलं: "अगं, तोंड फिरवलं, निवद चोख राहिला, म्हणूनशान तर पोरगं जित्तं परत आलं. आता ते कसं हलवायचं?"

जोतीराम कमरेला दगड बांधत होता.

सोजरबाईनं अंबाडा सोडला. केस तोंडावर घेतले, दगडांसमोर बसली आणि घुमायला लागली. आयुष्यात कधी तिच्या अंगात आलं नव्हतं. लग्नात नाच म्हटलं तरी भिंतीला टेकून उभी राहणारी बाई ती. पण जत्रेत बघितलेलं सगळं त्या वेळी कामाला आलं.

"कुणी आणलं हे धुराडं माझ्या दारात?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

सगळ्यांत आधी बंदूकवाला आडवा झाला. मग मायाप्पा, मग गाव. रुद्रप्पा मुंबई बघून आलेला, तरी त्याचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. काय चुकलं आई, असं त्यानंच विचारलं. आईनं सांगितलं की मशीन उचल आणि जा. तेवढ्यावर थांबली असती तर भागलं असतं. पण कमरेला दगड बांधलेला पोरगा समोर दिसत होता. "जोतीराम माझा हाय," ती म्हणाली. "त्यानं पाण्याला पाय लावायचा न्हाय."

मशीन जीपमध्ये चढलं. सात दिवस जे सत्य घसा कोरडा करून कुणाच्या गळी उतरलं नव्हतं, ते सोंगानं चुटकीसरशी उतरलं. सोजरबाई त्या संध्याकाळी पोटभर जेवली.

भाकरी थापता थापता तिनं पोराला सांगून टाकलं. अरं, आसरा न्हाय, बिसरा न्हाय, मीच होते ती. धूर वाईट, पाणी वाईट न्हाय. सकाळी जा आन पव. जोतीरामचं तोंड पांढरं पडलं. झटकन उठून त्यानं आईच्या तोंडावर हात दाबला.

"असं बोलू नगंसा," तो म्हणाला. "त्या ऐकत्यात."

आईशी तो जन्मात कधी आदरानं बोलला नव्हता. त्या दिवसापासून दुसऱ्या तऱ्हेनं बोललाच नाही. मासे ज्याला वाट पुसत तो गडी तांब्यानं अंघोळ करायला लागला, आणि तांब्या भरतानाही डोळे मिटायला लागला. त्याला मुलगी द्यायला कुणी धजेना. सात बायकांच्या दादल्याला आठवी कोण देणार? दर अमावस्येला सोजरबाईच्या दारात माणसं बसायची. ती नको नको म्हणायची, आणि देवी आधी नकोच म्हणते हे मायाप्पा सगळ्यांना समजावून सांगायचा. गर्दीत जोतीराम असायचा, मागं, हात जोडून.

रुद्रप्पाची हौस काही एका काठावर फिटणारी नव्हती. त्यानं पलीकडच्या गावाला मशीन नेलं. तिथं आधीच दगड मांडले, आधीच निवद ठेवला, आणि ताटावर धूर येऊ नये म्हणून इंजन पहिल्यापासूनच फिरवून ठेवलं.

होळीच्या सुमाराला त्या गावची मथुराबाई नारळ घेऊन आली. सोजरबाईच्याच वयाची. तिचा पोरगा वर काढला तो गेलेलाच होता. ओठ लाल होते, म्हणाली. सगळे म्हणतात, हितल्या आईला न पुसता मशीन लावलं, म्हणून नेला. काय चुकलं तेवढं आईला विचारायचं होतं.

सोजरबाईनं नारळ घेतला नाही. तिनं मथुराबाईला शेजारी बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं: इंजन, धुराडं, वारा, नळी. मी सोंग केलं तेही सांगितलं. न रडता, सावकाश, लेकराला समजावल्यागत. मथुराबाईनं मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि मागं सरकून नमस्कार घातला.

"ते झालं बाई तुमचं," ती म्हणाली. "आता तिला सांगू द्या. मी बसते की."

आणि ती बसून राहिली.