दोन कुलपांचे कपाट

मित्रांनो, मी एक जुने पोलादी कपाट आहे. तुमच्या घरातल्या कपाटांची दारे दिवसातून दहा वेळा उघडतात. माझ्या पोटात मात्र तीस वर्षे एक दुनळी बंदूक होती. आता तीही नाही.

एका वेल्डरने मला बनवले. खाली बंदुकीसाठी उंच, अरुंद कप्पा, वर काडतुसांसाठी वीतभर कप्पा, आणि दोन्हींना वेगवेगळी कुलपे. "एका किल्लीने दोन्ही उघडता कामा नयेत, असा इथला कायदाच आहे," असे म्हणत त्याने मला चार बोल्टांनी भिंतीला जखडले. तेव्हापासून मी जागचे हललेले नाही.

माझे मालक जमिनीची मोजणी करायचे. रानात मुक्काम असे, म्हणून त्यांनी परवाना काढला होता. निवृत्तीनंतर बंदूक नुसतीच माझ्यात उभी राहिली. वर्षातून एकदा परवान्याच्या तपासणीला निरीक्षक बाई येत, दोन्ही कुलपे ओढून बघत आणि "कपाट असावं तर असं!" म्हणत. तेवढे कौतुक मला वर्षभर पुरे.

मालकीणबाई गेल्या आणि घर सुनेसुने झाले. मालकांचे कानही मंदावले. मुलगी दुसऱ्या गावी आकडेवारीच्या कार्यालयात होती. निरनिराळ्या देशांतले बंदुकीचे कायदे आणि तिथले गुन्हे यांची तुलना करणे हे तिचे काम. ती सुट्टीत आली की बापलेकींची जुंपायची.

"काय हो आकडेवाल्या बाई, चोर आला तर त्याला 'थांब, किल्ल्या शोधतो' असं सांगू? काही देशांत म्हणे बंदूक उशाशी ठेवतात."

"ठेवतात ना. आणि घरातल्याच माणसाला गोळी लागल्याच्या नोंदी माझ्या टेबलावर येतात."

"म्हणजे बंदुका कमी तिथे गुन्हे कमी, असंच ना?"

"इतकं सोपं असतं तर माझी नोकरीच गेली असती, बाबा! कुठे पुष्कळ घरांत बंदुका, पण शिक्षण आणि कुलूप पक्कं. कुठे परवाने मोजके, पण चोरट्या बंदुकांचा सुळसुळाट. एका आकड्यावर मी काही बोलत नाही. तुम्ही किल्ल्या तेवढ्या लांब लांब ठेवा."

मालक कुरकुरले, पण ऐकले. बंदुकीची किल्ली त्यांच्या खिशात राहिली, काडतुसांची स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे.

एका दुपारी स्वयंपाकघरात भांडे पडले. मालक दचकून उठले. त्यांनी खालचे कुलूप उघडून बंदूक काढली आणि वरचे दार खेचले. ते हलले नाही. त्यांनी मला बुक्की मारली, शिव्या घातल्या. किल्ली होती स्वयंपाकघरात, आणि चोरही तिथेच! रिकामी बंदूक रोखून ते पडद्याकडे बघत राहिले.

पडदा सरकला.

"बाबा! अहो, केव्हाची बेल वाजवत होते. शेवटी माझ्या किल्लीनं दार उघडलं. म्हटलं, आधी चहा टाकावा, तर साखरेमागे..."

तिच्या हातात माझ्या वरच्या कप्प्याची किल्ली होती. बंदूक दिसताच तिने पुढे होऊन ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

मालक मला टेकून खाली बसले. मग ते म्हणाले, "हे तुझ्या कुठल्या रकान्यात लिहिणार गं?"

"कुठल्याच नाही, बाबा. जे घडलंच नाही, त्याला रकाना नसतो."

त्याच आठवड्यात बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. महिनाभरात मुलगी वडिलांना घेऊन गेली. माझे बोल्ट गंजले होते, म्हणून मी इथेच राहिले. नव्या बिऱ्हाडाला मी अडचण वाटते. "यात धड झाडूसुद्धा मावत नाही," असे ते म्हणतात. कुणी माझे दार उघडत नाही, आणि मी काय केले हे कुठे लिहिलेलेही नाही.

मित्रांनो, एखादे कुलूप उघडायला वेळ लागला तर त्याला बुक्की मारू नका. तेवढ्या वेळात पडद्याआडून कुणी तुम्हाला हाक मारत असेल. ती ऐका.