आईंनी मागितलेला कागद

ऑक्टोबरच्या सकाळी खाडीवरचं धुकं चढत चढत आमच्या खिडकीपर्यंत येई आणि त्या ओलसर, राखाडी उजेडात आईंचा आवाज स्वच्छ घुमे. गावातलं फुकटचं साप्ताहिक त्या मोठ्यानं वाचत, प्रत्येक इंग्रजी शब्दाला त्याच्या सगळ्या अक्षरांचा मान देत, 'वेन्सडे'च्या स्पेलिंगमधला अनुच्चारित 'ड'सुद्धा न वगळता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. नागपूरच्या एका शाळेत तीस-पस्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सासरे गेल्यावर हॅलिफॅक्सपासून तासाभराच्या अंतरावरच्या आमच्या लहानशा गावात राहायला आलेल्या. पानगळीनंतरच्या झाडाचा ताठपणा त्यांच्या देहात होता. शोभेचं सारं गळून गेलेलं आणि म्हणूनच आकार स्पष्ट दिसणारा.

२०१८च्या त्या शरदात त्यांनी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. वयामुळे परीक्षा माफ होती, तरी हातात पेन्सिल घेऊन त्यांनी तिचं अभ्यासपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडलं गेलं, त्याबद्दलचा मजकूर त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून बराच वेळ खाडीकडे बघत राहिल्या. "इथंही आहे तर," एवढंच म्हणाल्या. शपथेच्या वेळी मात्र त्यांचा उजवा हात निष्कंप होता आणि डोळे भरलेले.

परतताना गाडीत मी सहज विचारलं, "आई, आता देश बदलला का?"

"देश म्हणजे काय साडी आहे, मीनल? तो एक आहेच. आता ह्याचीही काळजी करायची."

ती काळजी करायची वेळ आठवड्याभरातच आली. माझी मुलगी ईरा दुसरीत होती. शाळेतल्या नळावर भरलेली पाण्याची बाटली ती न पिताच परत आणायची. आजीनं कारण विचारलं तर म्हणाली, "आजी, इट टेस्ट्स लाइक अ स्पून." चमच्यासारखं लागतं! शाळेच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या कार्यालयाचं पत्र पालकांना आधीच आलेलं होतं: पाणी तपासलं आहे, चिंतेचं कारण नाही. आईंनी तपासणीचा अहवाल मागितला. मी त्यांच्या वतीनं फोन केले, मग ई-मेल केला. प्रत्येक वेळी उत्तर आलं की अहवाल अंतर्गत वापरासाठी आहे.

जेवताना माझा नवरा निखिल वैतागला. "आई, परवा शपथ घेतलीस आणि आज भांडायला निघालीस? गावात आपलं एकच देशी घर आहे. लोक म्हणतील, आम्ही घेतलं यांना, तर हे आमच्याच चुका काढतात."

"शपथ कशासाठी असते मग? टाळ्या वाजवायला?"

"घरी फिल्टर लावू. ईराला घरून बाटली भरून देऊ."

"आणि बाकीच्या पोरांना?"

निखिल उठून गेला. आई ताटातली भाकरी मोडत राहिल्या, मोडलेले तुकडे पुन्हा मोडत राहिल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते स्वतःच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. आणीबाणीत त्यांच्या शाळेतल्या बोकारे सरांना पोलिसांनी नेलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी शिक्षकांपुढे एक टंकलिखित कागद ठेवला: बोकारे वर्गात सरकारविरुद्ध चिथावणी देत. आई पंचविशीत होत्या, नोकरी नवी, घरी आजारी वडील. "मी वाचलाही नाही गं. बाकीच्यांनी केली, मीही सही केली. सर वर्षभर तुरुंगात होते. शाळेनं त्यांना परत घेतलं नाही. आणि मी जन्मभर पोरांना शिकवत राहिले की लोकशाहीत नागरिक जागरूक असावा लागतो." त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. दीर्घकाळ गोठलेल्या पाण्याला पहिला तडा जावा, तसा एक कोरडा, खोल ध्वनी होता.

पालकांची सभा शाळेच्या जिममध्ये झाली. कार्यालयाचे अधिकारी मृदू, हसतमुख गृहस्थ होते. आई सहावारी साडीवर जाड कोट घालून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या अक्षर-अक्षर उच्चारणाऱ्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला अहवाल वाचायचा आहे."

"मॅडम, पाणी सुरक्षित आहे."

"तुमचं म्हणणं मी ऐकलं. आता कागद दाखवा."

"त्याची एक पद्धत असते, मॅडम. तुम्ही बसा ना."

"मी उभी ठीक आहे."

जिममधले दिवे गुणगुणत होते. माझ्या शेजारी निखिल मान खाली घालून बसला होता, त्याचे कान लाल झाले होते. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लॉबस्टर पकडणारा एक थोराड कोळी, ज्याच्याशी आमची ओळखही नव्हती, उभा राहिला. "मलाही बघायचाय." त्याच्यामागून एक बाई उठली, मग एक जोडपं. आणि मग निखिल उठला. आईकडे न बघता, पण उठला.

अहवाल दहा दिवसांत पालकांच्या हाती आला. तीन नळांच्या पाण्यात शिसं मर्यादेपेक्षा जास्त होतं. नळ बंद झाले, नाताळच्या सुट्टीत पाइप बदलले. माफी कोणी मागितली नाही.

ती आईंनी मागितली. बोकारे सर केव्हाच वारले होते. आईंनी त्यांच्या पत्नीला सहा पानी पत्र लिहिलं. उत्तर तीन ओळींचं आलं: 'ह्यांना माहीत होतं. नाव कोणाचंच काढलं नाही. नागपूरला आलात तर या.' फेब्रुवारीत, इथे बर्फ गुडघाभर असताना, आई एकट्या गेल्या. फोनवर मी विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या, "बसलो दोघी. चार तास." त्यापलीकडे काही सांगितलं नाही, परतल्याही नाहीत; पुढच्या पावसाळ्यात, नागपूरलाच बहिणीच्या घरी, झोपेतच गेल्या.

त्यांच्यासोबत मी घालवलेल्या किती सकाळी आता पुसट होत चालल्या आहेत. पण जिथे मी नव्हतेच ती नागपूरची दुपार, समोरासमोर बसलेल्या त्या दोन वृद्ध स्त्रिया आणि त्यांच्यामध्ये हळूहळू उतरत जाणारं ऊन, वर्षागणिक मला अधिकाधिक लख्ख आठवत जातं.