निळ्या तारेचा दिवा

तळघराच्या जिन्यावर माणसं दाटीवाटीने उभी होती. खाली टेबलासारख्या पायांवर उभ्या केलेल्या मोठ्या लाकडी फळीवर एगॉन बाउअरचं छोटं जग पसरलं होतं : रूळ, बोगदे, अंगठ्याएवढी घरं, वीतभर उंचीचं चर्च. ते उभं करण्यात एगॉनचं आयुष्य गेलं होतं आणि वसंतात तो स्वतःही गेला होता.

मेलेल्यांचे आत्मे बोलावणारे हेर क्विंट, म्हणजे क्विंटसाहेब, यांनी भिंतीतला प्लग उपटून सगळ्यांना दाखवला. धावती आगगाडी जागीच थांबली, घरं अंधारली.

"वीज गेली. आता इथे उरलाय तो फक्त एगॉन." मोठ्या खड्याची अंगठी घातलेला हात त्यांनी फळीच्या काठावर टेकवला आणि डोळे मिटले. "कंपनं जुळू द्या. आत्म्याला उतरायला फलाट लागतो, आणि रेल्वेवेड्याच्या आत्म्याला तर सिग्नलची केबिनच. एगॉन, आलास का?"

केबिनच्या चिमुकल्या खिडकीत दिवा लागला.

"जिवंतपणी हाक मारली तर जेवायलासुद्धा वेळेवर यायचा नाही," मागून कोणीतरी पुटपुटलं. हसलं मात्र कोणी नाही. बेकरीवाल्या बाईंनी छातीवर क्रूस केला.

दिवा एकदा लागला तर होय, दोनदा लागला तर नाही. एगॉनची बायको हेडविग कोपऱ्यात जपमाळ धरून बसली होती. नवरा गेल्यापासून तिचा नेम होता : सकाळची प्रार्थना झाली की खाली यायचं आणि मऊ ब्रशने त्या इवल्या छपरांवरची धूळ झाडायची. तो दिवा तिच्याशी एकटीशी कधीच बोलला नव्हता. आपलीच भक्ती कमी पडत असेल, असं ती समजून होती.

तिची बालमैत्रीण रोझविता पुढे सरकली. "एगॉन, छातीत गाठ आहे. डॉक्टर कापायचं म्हणतात. जाऊ का रे?"

दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, विझला.

रोझविता रडता रडता हसली. "हेडविग, बघितलंस ना गं? मला सुरीखाली जायला नको म्हणतोय."

हेर क्विंट यांनी केबिनशेजारी ठेवलेली पाण्याची बाटली तिच्या हाती दिली. "हे एगॉनच्या सहवासातलं पाणी. उपाशीपोटी घ्या. आणि सुरीवाल्यांना लांब ठेवा, कंपनं बिघडतात."

तो ऑगस्ट होता. नाताळाआधीचे आगमनाचे रविवार सुरू झाले तोवर रोझविताचा कोट तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबू लागला होता. तरी पाणी चालूच होतं.

त्या आठवड्यात फळीवरच्या चर्चचा दिवा गेला. आगमनाच्या दिवसांत चर्च अंधारात राहिलेलं एगॉनला कधीच खपलं नसतं. हेडविगने नवा दिवा काढला, बॅटरी घेतली आणि फळीखाली पाठीवर आडवी झाली. वर्षानुवर्षं ती इथेच बॅटरी धरून बसायची आणि एगॉन तारांना कथलाचा डाग देऊन जोडता जोडता पाढे म्हटल्यासारखा म्हणायचा : रुळांना लाल, परतीला तपकिरी, सांधे बदलायला निळी, दिव्यांना पिवळी. एकदा भाच्याने दिव्याला लाल तार जोडली, तर त्याने जेवण सोडून ती उपटून काढली होती.

केबिनच्या दिव्याला निळी तार होती.

एगॉनने जोडलेली ती नव्हतीच. हेडविग तिच्यामागे बोट फिरवत गेली. तार कागदाच्या लगद्याच्या पोकळ डोंगरात शिरली होती. तिथे एक चपटा सेल चिकटवलेला. दुसरं टोक फळीच्या काठाखाली, काडीएवढ्या काचेच्या नळीपाशी संपत होतं. अशा नळ्या तिच्या ओळखीच्या होत्या. एगॉन त्या रुळांखाली बसवायचा. इंजिनाच्या पोटाशी लोहचुंबक असायचं. इंजिन वरून गेलं की नळीतल्या पात्या जुळायच्या आणि सिग्नल पडायचा.

मे महिन्यात हेर क्विंट गाड्या विकत घ्यायच्या निमित्ताने आले होते. ती वर प्लमचा केक भाजत असताना ते बराच वेळ इथे एकटे होते.

तिने एका इंजिनाखालचं चुंबक सोडवून काठावर ठेवलं. दिवा लागला. नवरा वसंतात गेला होता. त्या उजेडात तो दुसऱ्यांदा गेला.

रविवारी दुपारी पुन्हा गर्दी जमली. हेर क्विंट यांनी हात टेकवला, डोळे मिटले. केबिन अंधारीच राहिली. त्यांनी अंगठी हळूच इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

"आज कंपनं जड आहेत," ते म्हणाले.

"मी विचारून बघते," हेडविग म्हणाली. ती फळीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. नळी तिने तिथे हलवली होती. चुंबक तिच्या मुठीत होतं. "एगॉन, रोझविताने इस्पितळात जावं का?"

दिवा एकदा लागला आणि विझला.

रोझविताने तोंडावर हात ठेवला. "मन बदललं त्याने," ती कुजबुजली. "मग जाते मी. उद्याच जाते."

इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. मैत्रीण इस्पितळात गेली असती. हेडविगच्या मनात ते आलंही. पण उद्या दुसरा कोणी याच दिव्याकडून 'नाही' म्हणवून घेईल, हेही तिला कळत होतं. तिने मूठ उघडली.

"त्याने काही बदललं नाही गं. हे मी केलं. आणि ऑगस्टमध्ये यांनी केलं. त्या अंगठीत असंच चुंबक आहे. वाका आणि खाली बघा, निळी तार आहे."

बेकरीवाल्या बाई गुडघ्यांवर वाकून बघून आल्या. "अहो, सेल आहे इथे," त्या एवढंच म्हणाल्या. हेर क्विंट कोट घेऊन जिन्याकडे निघाले. कोणी त्यांना अडवलं नाही. सगळे रोझविताकडे बघत होते.

"मग एगॉन मला 'नाही' म्हणालाच नव्हता?" तिने विचारलं.

"नाही."

"तू रोज ब्रश फिरवायचीस. आधी का नाही खाली वाकलीस?"



सोमवारी दोघी बसने इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला आणि गाठ कधीपासून आहे ते विचारलं. "ऑगस्टमध्ये आला असतात तर…" एवढं बोलून त्यांनी फोटो खाली ठेवला. ईस्टरच्या आधी रोझविता गेली.

हेडविग आजही पहाटे प्रार्थना करते, मग खाली येते. केबिनला तिने पिवळी तार जोडली आहे आणि बटण समोर, सगळ्यांना दिसेल असं बसवलं आहे. अजून कोणी कोणी येऊन हळूच विचारतं, खरंच का हो काही नव्हतं? ती त्यांना बॅटरी देते आणि फळीखाली बघायला लावते.

"आपोआप दिवा लागला तर आधी तार शोधा," ती सांगते. "दुखतंय तर आधी डॉक्टरकडे जा. प्रार्थना त्यानंतरही करता येते. देव थांबतो. गाठ थांबत नाही."