पावसातही सोपी

चाळीस वर्षं लोकांना डोंगर सुचवून सुचवून मी आता थकलोय. मी वाटांचं पुस्तक आहे. वेल्समधल्या एका गिर्यारोहक मंडळाचं डोंगराच्या पायथ्याशी दगडी घर आहे, त्याच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी माझा मुक्काम. माझ्या पुढच्या भागात चालायच्या वाटा आहेत आणि मागच्या भागात हात टेकून चढायच्या कातळधारा. पाठीवर मुरंब्याचा डाग आहे. तो कुणाच्या कृपेने पडला ते मला माहीत आहे, पण जाऊ दे.

इथल्या लोकांची निवड मोठी मजेशीर. सकाळी लापशी खाताना मला उघडतात, खिडकीबाहेर बघतात, हवामानाचा अंदाज तीनदा ऐकतात, तासभर वाद घालतात आणि गेल्या वर्षी गेले होते तिथेच जातात. त्यातून यांना 'घाबरलो' म्हणायची भारी लाज. दोन्ही बाजूंना हजार फूट पोकळी असली तरी परतल्यावर म्हणणार, "वर वारा छान होता." ओढ्यात कमरेपर्यंत बुडाले, तर "थोडी ओल होती." ऐकून ऐकून माझे कान किटले.

माझ्या एकशेबाराव्या पानावर उत्तर धार आहे. छापील मजकूर तिला 'मध्यम' म्हणतो. शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'पावसातही सोपी. उगाच घाबरू नये. — एमरिस.' त्याखाली नऊ जणांनी 'सहमत' लिहून सह्या केल्यात. ते नऊ जण परतले तेव्हा कसे दिसत होते, ते मी पाहिलंय. एकाला चहाचा कप धरवत नव्हता. एकीचा गुडघा फुटला होता. तरी प्रत्येकाने आल्या आल्या पेन्सिल मागितली. मला ओरडता येत नाही, त्याला काय करणार?

गेल्या सप्टेंबरात खुद्द एमरिस आला. वय एकोणऐंशी, हातात दोन काठ्या. बरोबर लेक नॉन आणि जावई गेथिन. सकाळपासून पावसाने झोड उठवली होती.

"अगं, तळ्याला एक फेरी मारू आणि येऊ," गेथिन म्हणाला. "माझे बूट कालचेच ओले आहेत."

"तू बस बूट वाळवत. मी उत्तर धारेवर जातेय. बाबांनी केलेली धार मला त्यांच्या डोळ्यांदेखत करायचीय." नॉनने माझं पान त्याच्या नाकासमोर धरलं. "वाच. पावसातही सोपी!"

"तुझ्या बाबांनी दाढेलाही 'जरा ठणकतेय' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी उचलून दवाखान्यात न्यावं लागलं."

नॉन हसली आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसली. एमरिस टोस्टला लोणी लावत होता. एकाच तुकड्याला पुन्हा पुन्हा लावत होता. बोल रे, बोल आता, असं मी मनात म्हणत होतो.

"नॉन, जाऊ नकोस."

"का? सोपी आहे ना?"

"मला काय माहीत? मी वर गेलोच नाही." त्याने सुरी खाली ठेवली. "पहिल्याच कातळबुरुजावर हात सुटला. एका खाचेत अडकलो. तिथे बसून रडलो आणि मेंढ्यांच्या वाटेने खाली आलो. इथे सगळे वाट बघत होते. 'कशी होती?' म्हणाले. तोंडातून निघून गेलं, सोपी. मग त्यांनी हातात पेन्सिलच दिली."

"चाळीस वर्षं, बाबा?"

"पाऊस लागला की मी बातम्या लावून बसतो. कुणी पडलंय का ते ऐकायला. तुझी आई विचारायची, एवढं काय ऐकता म्हणून."

नॉनचा राग मला दिसत होता, आणि रागाखालचं दुसरंही काही दिसत होतं. मग तिने नाड्या सोडल्या आणि पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली.

"लिहा."

एमरिसने सगळ्या सह्यांखाली लिहिलं, 'मी अर्ध्यातून परतलो होतो. पावसात जाऊ नका. — एमरिस.'

"सहमत," गेथिन हळूच म्हणाला. नॉनने त्याला ओला मोजा फेकून मारला. मग तिघं तळ्याकडे गेले, म्हाताऱ्याच्या चालीने.

आता मंडळाने नवं पुस्तक आणलंय. घर सांभाळणाऱ्या ब्रोनवेनबाईंनी मला रद्दीच्या खोक्यात टाकलंय. त्याचं मला दुःख नाही, विश्रांती हवीच होती. पण नव्या पुस्तकातही उत्तर धार 'मध्यम'च आहे आणि समास कोरा आहे. उद्या चार जण यायचेत, आणि अंदाज पावसाचा आहे. रद्दी नेण्याआधी कुणीतरी या खोक्यात हात घाला. मला ठेवू नका हवं तर, म्हाताऱ्याच्या हातची ती ओळ तेवढी उतरवून घ्या.